साडेचार इंच

लंडनमध्ये घर घेऊन जेमतेम चार महिने झाले होते आणि शेजाऱ्याची नोटीस आली. नोटीस या शब्दानेच माझ्या पोटात गोळा आला. आपल्याकडे नोटीस येते ती भांडण होऊन गेल्यावर. हा माणूस तर आदल्याच दिवशी कुंपणावरून मला टोमॅटोची चार रोपं देऊन गेला होता. कागदावर लिहिलं होतं की त्याला माळ्यावर खोली काढायची आहे, त्यासाठी आमच्या दोघांमधल्या भिंतीत लोखंडी तुळई बसवायची आहे, १९९६च्या सामाईक भिंतींच्या कायद्याप्रमाणे दोन महिने आधी कळवतो आहे, आणि मी चौदा दिवसांत उत्तर द्यावं.

मी कराडला व्हिडिओ कॉल लावला. आबांनी चाळीस वर्षं बांधकामं घेतली, त्याआधी स्वतः गवंडीकाम केलं. त्यांना कायद्यात रस नव्हता.

"भिंत किती इंची?"

"नऊ."

"मग निम्मी तुझी, निम्मी त्याची. साडेचार इंच." मग चष्मा काढून म्हणाले, "आन् आडव्या विटंचं काय?"

मला कळलं नाही. त्यांनी टेबलावर काड्यापेट्या मांडून दाखवलं. साडेचार-साडेचारच्या दोन भिंती शेजारी-शेजारी उभ्या केल्या म्हणून नऊ इंची भिंत होत नाही. मधूनमधून वीट आरपार घालावी लागते. तिचं एक डोकं या खोलीत, दुसरं त्या खोलीत. "न्हाईतर भरल्या वांग्यासारखी उकलंल. मग ती वीट कुणाची म्हणायची?"

कायद्यात याचं उत्तर असेलच. मी सही करून कागद परत पाठवला, पण प्रश्न डोक्यात राहिला.

आमचं घर टेरेसमधलं आहे, म्हणजे एकाला एक चिकटलेल्या, सारख्या दिसणाऱ्या घरांच्या ओळीतलं. हे समजावून सांगण्यात माझे कितीतरी कॉल गेले. मराठीत टेरेस म्हणजे गच्ची. लंडनमध्ये टेरेसचं घर घेतलं म्हटल्यावर आईने पहिला प्रश्न विचारला तो पापडांचा. आमच्या घराला गच्ची तर नाहीच, उतरतं छप्परही रस्त्यावरून धड दिसत नाही. आहे ती रस्त्याच्या बाजूला सोळा फूट विटांची भिंत, तिच्या दोन्ही बाजूंना तशीच सोळा-सोळा फूट, आणि असं करत करत थेट कोपऱ्यावरच्या दुकानापर्यंत.

जूनमध्ये आबा आले. त्यांना दोनच गोष्टी बघायच्या होत्या: ब्रिटिश म्युझियम आणि बाबासाहेबांचं घर. म्युझियममध्ये ते दीड तासात दमले. मी त्यांना बसायला सावली शोधत जवळच्या बेडफर्ड स्क्वेअरला नेलं आणि तिथे आमचा बराचसा दिवस गेला.

मधोमध झाडांची लंबगोल बाग, तिला कुलूप. आणि चारी बाजूंना काळपट तपकिरी विटांच्या तीन मजली भिंती. १७७५ ते १७८३ या काळात बांधलेल्या. जमीन बेडफर्डच्या ड्यूक घराण्याची. प्रत्येक बाजूची घरं मिळून एकच राजवाडा वाटावा अशी रचना, म्हणून मधल्या घराला पांढरा गिलावा, त्याला चिकटवलेले खांब आणि वर त्रिकोणी कपाळपट्टी. पण उत्तर आणि दक्षिण बाजूला मध्यावर एक घर येत नाही, दोन येतात. म्हणून तिथे त्रिकोणाखाली पाच खांब बसवलेत आणि त्यातला एक बरोब्बर मध्यावर. जिथे राजवाड्याचा दरवाजा असायला हवा तिथे खांब! वास्तुकलेचे जाणकार या चुकीवर बोट ठेवत आलेत. आबांना हे कुणी सांगायची गरज नव्हती. बाकावर बसल्या बसल्या म्हणाले, "गणपतीच्या मखराला मधी खांब कोण लावतं?"

मला मात्र तो खांब आवडतो. बाहेरून राजवाड्याचं सोंग कितीही घेतलं तरी आत दोन कुटुंबं आहेत, मधून एक भिंत जाते, आणि ती लपवता आली नाही.

आबा उठून भिंतीजवळ गेले. लंडनमध्ये सत्तरीचा माणूस भिंतीवर बोटांची पेरं वाजवत चालला तर कुणी काही म्हणत नाही, हे त्या दिवशी समजलं. दाराभोवतीच्या कमानीतले खडबडीत दगड आणि वरच्या टोकाचा दाढीवाला चेहरा त्यांनी निरखून पाहिला आणि म्हणाले, हा दगड नव्हं. बरोबर होतं. ती भाजलेली माती आहे. एलेनॉर कोड नावाच्या बाईने १७६९पासून लॅम्बेथमध्ये असा कृत्रिम दगड तयार करायचा कारखाना चालवला. साचा एक आणि चेहरे अनेक. म्हणून इथला म्हातारा शेजारच्या दारावरही तसाच हसतो. अडीचशे वर्षांच्या धुरा-पावसात त्याच्या दाढीचे केस अजून शाबूत आहेत. बाईने कारखाना चालवला हे ऐकून आबा "अस्सं!" म्हणाले आणि पुन्हा एकदा त्या चेहऱ्याकडे बघून आले.

मग विटा. प्रत्येक रद्द्यात, म्हणजे विटांच्या थरात, एक वीट लांबीने, पुढची डोक्याने, पुन्हा एक लांबीने. वरच्या रद्द्यात डोकं खालच्या लांब विटेच्या मध्यावर. या रचनेला इंग्रज फ्लेमिश बाँड म्हणतात. दिसायला देखणी, म्हणून अठराव्या शतकात लंडनच्या दर्शनी भिंतींवर तिचंच राज्य. आबांनी एका डोक्यावर बोट ठेवलं आणि हसले. "ह्यातल्या किती आत गेल्यात, कुणी बघितलंय?"

त्यांचा संशय खरा निघाला. दर्शनी विटा महाग, मागच्या भरणीच्या विटा स्वस्त आणि ओबडधोबड. दोन्हींचे रद्दे एका उंचीला येत नसत. मग गवंडी दर्शनी विटेचे दोन तुकडे करी आणि दोन्ही अद्ध्यांची डोकी बाहेर लावून मोकळा होई. बाहेरून पाहणाऱ्याला वाटतं, वीट आत नऊ इंच रुतली आहे. प्रत्यक्षात ती साडेचार इंचांवर संपते. त्यामुळे जॉर्जियन, म्हणजे जॉर्ज राजांच्या काळातल्या, लंडनमधल्या कित्येक भिंतींचा दर्शनी पापुद्रा मागच्या भिंतीला मोजक्याच ठिकाणी धरून आहे, आणि दुरुस्तीवाले आजही या भिंती पुढे फुगलेल्या पाहतात. देखण्या रचनेत अर्धी तरी लबाडी आहे. कारण ही घरं राहण्यासाठी कमी आणि विकण्यासाठी जास्त बांधली जात.

धंद्याची रीत अशी: जमीन सरदाराची, तो ती विकत नाही. नव्व्याण्णव वर्षांच्या कराराने बांधणाऱ्याला देतो. घर उभं राहीपर्यंतचं भाडं वर्षाला एक मिरी. दाणाभर काळी मिरी, फक्त करार कायद्यात बसावा म्हणून. बांधणारा घराचा सांगाडा उभा करून, शक्य तर आतलं काम होण्याआधीच, करार पुढे विकतो. गवंड्याने सुताराच्या घराच्या भिंती बांधायच्या, सुताराने गवंड्याच्या घराची दारं करायची, पैसा हातात कमी आणि फिरवाफिरवी जास्त. आबा म्हणाले, "म्हंजे आमच्यावानीच."

या धंद्याचा मूळपुरुष निकोलस बार्बन. १६६६च्या आगीनंतर लंडनभर ओळीच ओळी उभारणारा डॉक्टर. १६८४मध्ये त्याने रेड लायन मैदानावर घरं बांधायला घेतली, तेव्हा शेजारच्या ग्रेज इनच्या वकिलांची मोकळी हवा आणि नजारा जाणार होता. ते शंभरेक जण मजुरांवर चालून गेले. दोन्ही बाजूंनी विटांचा मारा झाला. घरं व्हायची ती झालीच. याच ग्रेज इनमधून बाबासाहेब पुढे बॅरिस्टर झाले. मी आबांना हे सांगितलं तेव्हा त्यांनी फक्त इतकंच विचारलं की वकिलांनी विटा स्वतःच्या हातांनी उचलल्या का.

आग मात्र या घरांची खरी स्थपती. १६६७च्या कायद्याने लाकडाच्या भिंती गेल्या, वीट किंवा दगड सक्तीचा झाला. १७०७ला लाकडी वळचणी गेल्या आणि भिंत छपराच्या वर काढावी लागली. म्हणून छप्पर कठड्यामागे लपलं. दोन वर्षांनी खिडकीची चौकट भिंतीच्या चार इंच आत सारायचा हुकूम आला. १७७४च्या कायद्याने तर वर-खाली सरकणाऱ्या खिडकीची लाकडी पेटी जवळजवळ सगळी विटेच्या मागे नेली आणि घरांच्या चार प्रती ठरवल्या: ८५० पौंडांहून जास्त किमतीची आणि ९०० चौरस फुटांहून जास्त जागा व्यापणारी ती पहिली, १५० पौंडांच्या आतली ती चौथी. आज आपण जिला जॉर्जियन अभिरुची, संयम, साधेपणा वगैरे म्हणतो त्यातली बरीचशी आग पसरू नये म्हणून आलेली आहे. अभिरुचीवर पुस्तकं लिहिणाऱ्यांनी हे जरा ठळक सांगायला हवं होतं.

सांगता सांगता मी राखेपर्यंत आले आणि आबा पहिल्यांदा खरे खुलले. लंडनची वीट पिवळसर असते, चुनखडी मिसळल्यामुळे. आणि तिच्या मातीत राख मळलेली असते. शहरभरच्या शेगड्यांमधली कोळशाची राख ठेकेदार गोळा करत आणि मोठ्या आवारात बायाबापे ती चाळत. बारीक राख मातीत जाई, म्हणजे वीट आतूनही भाजली जाई. न जळलेले खडे भट्टीत सरपणाला. म्हणजे ज्या घरात कोळसा जळला त्याचीच राख पुढच्या घराच्या भिंतीत. आबांना हे नवं नव्हतं. कराडच्या भट्ट्यांवर भाताचा भुसा, साखर कारखान्याची राख त्यांनी आयुष्यभर मिसळताना पाहिलेली. नवं एवढंच वाटलं की साहेबानेही तेच केलं.

मग त्या पिवळ्या विटा काळ्या का? धूर. कोळशाच्या धुराने अख्खं शहर रंगवलं, ते इतकं की १९६०च्या सुमारास दहा डाउनिंग स्ट्रीटची दुरुस्ती निघाली तेव्हा काळ्या भिंतीखाली पिवळ्या विटा सापडल्या. लोकांना काळ्याचीच सवय, म्हणून भिंत धुऊन पुन्हा काळी रंगवली. पंतप्रधानांचं घरही मुळात टेरेसच.

आम्ही मागच्या गल्लीत गेलो. पुढच्या बाजूला राजवाडा, मागे नळ, धुराडी, वेड्यावाकड्या खिडक्या, कुणीतरी वाढवलेलं न्हाणीघर. आबांना हीच बाजू आवडली. इथे त्यांना एक गंमतही समजली, जी मला दहा वर्षांत दिसली नव्हती. पुढून तळघर जमिनीखाली वाटतं. लोखंडी कठड्यातून वाकून पाहावं लागतं. मागून तोच मजला जवळजवळ अंगणाच्या पातळीला. कारण बांधणारा फार खोल खणायचाच नाही. खणलेली माती समोर टाकून रस्ताच उंच करायचा, त्याखाली कोळशाच्या कोठ्या काढायच्या आणि फुटपाथवर ताटाएवढं भोक ठेवायचं, ज्यातून कोळसा जाईल पण चोर जाणार नाही. जमीन खरी कुठे होती ते मागचं अंगण सांगतं. तळघरात स्वयंपाकघर, सगळ्यात वर छपराखाली मोलकरणी, मधल्या उंच खिडक्यांच्या मजल्यावर मालक. दिवसभर कोळसा वर आणि राख खाली. आबांनी मजले मोजले आणि म्हणाले, "जिना झिजला असंल."

टॉटनहॅम कोर्ट रोडवरून नॉर्दर्न लाइनने चॉक फार्मला उतरलो तेव्हा चार वाजले होते. तिथून किंग हेन्रीज रोड चालत जवळच. या भागाची जमीन ईटन कॉलेजची. ते काढणारा राजा सहावा हेन्री, म्हणून रस्त्याला त्याचं नाव, आणि आसपास ईटन रोड, फेलोज रोड, प्रोव्होस्ट रोड. दहा नंबरचं घर व्हिक्टोरियन ओळीतलं, चार मजली, विटांचं. निळ्या गोल पाटीवर १९२१-२२. लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये शिकताना बाबासाहेब इथे भाड्याने राहिले. २०१५मध्ये महाराष्ट्र सरकारने घर विकत घेतलं आणि नोव्हेंबरात त्याचं उद्घाटन झालं. आतल्या मांडणीबद्दल पुष्कळ जणांनी लिहिलं आहे, मी लिहीत नाही.

आबा आत हात जोडून उभे राहिले, बराच वेळ. मग जिन्यात थांबून त्यांनी हळूच शेजारच्या घराकडच्या भिंतीवर हात ठेवला. "पलीकडं कोण ऱ्हातं?"

पलीकडे लोक राहतात. घराचं स्मारक करायला कॅम्डेन कौन्सिलने परवानगी नाकारली होती. राहतं घर कमी होईल हे कारण, शिवाय गर्दीच्या आणि आवाजाच्या तक्रारी. अपील झालं, सुनावणी झाली आणि २०२०च्या मार्चमध्ये मंत्र्यांनी परवानगी दिली. इथे आपल्यातल्या अनेकांना राग आला होता, मलाही आला होता. आता टेरेसमध्ये राहिल्यावर तो थोडा उतरला आहे. आमच्या पलीकडच्या माणसाचा खोकला मला ऐकू येतो. माझा कुकर त्याला ऐकू जात असणार.

बाहेर पायरीवर आबा परळबद्दल बोलायला लागले. तरुणपणी ते दोन वर्षं गिरणगावात चुलत्याकडे होते आणि गवंडीकाम तिथेच शिकले. बी.आय.टी.च्या, म्हणजे बॉम्बे इम्प्रूव्हमेंट ट्रस्टच्या, चाळी त्यांना पाठ. परळच्या पहिल्या नंबरच्या चाळीत, पन्नास-एक्कावन्न नंबरच्या खोल्यांत, बाबासाहेब १९१२ ते १९३४ राहिले. मधली लंडनमधल्या शिक्षणाची वर्षं या अशा घरांत. ती चाळ ज्या ट्रस्टने बांधली तो १८९८चा, १८९६च्या प्लेगनंतर निघालेला. लंडनचं घर आगीच्या धास्तीने बांधलेलं, मुंबईचं रोगाच्या. म्हणून लंडनने भिंत जाड केली आणि छपराच्या वर काढली; मुंबईने खोल्यांमध्ये हवा खेळवायची धडपड केली आणि बाहेरून गॅलरी दिली. चाळीत माणसाला माणूस गॅलरीत भेटतो. इथे प्रत्येकाला स्वतंत्र दार, दोन पायऱ्या, आणि शेजारी भेटतो तो फक्त भिंतीतून. आबा म्हणाले, चाळीत कुणी मेलं तर लगेच कळायचं. पुढे काही बोलले नाहीत.

घरी आल्यावर त्यांनी आमच्या दर्शनी भिंतीची तपासणी केली आणि मान हलवली. आधीच्या मालकाने विटांमधल्या दर्जा, म्हणजे सांधे, सिमेंटने भरून घेतल्या होत्या. घर घेताना तपासणीला आलेल्या माणसाने बारा पानी अहवालात याचा उल्लेखही केला नव्हता. जुनी वीट मऊ, चुन्यात बांधलेली. भिंतीतलं पाणी चुन्याच्या दर्जेतून बाहेर पडतं. दर्ज सिमेंटने बंद केली की पाणी विटेतून वाट काढतं, थंडीत गोठतं, आणि विटेचं तोंड पापुद्र्यासारखं सुटतं. आमच्या खिडकीखालच्या नऊ विटांची तोंडं गेली आहेत. "झिजायचं दर्जंनं," आबा चिडून म्हणाले, "विटंनं न्हाई. दर्ज परत भरता येती." लंडनच्या चिकणमातीवर घरं उन्हाळ्यात खाली बसतात, पावसात वर येतात. चुना त्याच्यासोबत हलतो, सिमेंटला ते जमत नाही. मला ते कोटेशन काढायला लावून गेले. चुन्याचा भाव ऐकून मी अजून फोन ठेवलेलाच आहे.

शेजाऱ्याचं काम ऑगस्टमध्ये सुरू झालं. तुळईची टोकं बसवायला सामाईक भिंतीत खाचा पाडायच्या होत्या, त्याही फक्त त्याच्या बाजूने, साडेचार इंचांपर्यंत. नकाशावर तसंच लिहिलं होतं. तिसऱ्या दिवशी दुपारी मी वरच्या खोलीत कपड्यांच्या घड्या घालत होते. हातोड्याचे चार ठोके ऐकू आले, छताला लागून वॉलपेपर फुगला, फाटला, आणि गिलाव्याच्या खपल्यांसकट एक अख्खी वीट माझ्या पलंगावर पडली.

भोकातून उजेड आला. मग धुळीने पांढरा झालेला एक डोळा. "सॉरी, लव्ह," तो पोलिश कारागीर म्हणाला.

मी आधी आबांना कॉल लावला, वीट कॅमेऱ्यासमोर धरली. सव्वाशे-दीडशे वर्षं अंधारात असलेली. राखेचे काळे ठिपके, कडेला भुरभुरीत चुना, जो अंगठ्याने सुटत होता. आबांनी ती बघितली आणि त्यांचा चेहरा असा झाला, जसा लग्नात लांबचा पाहुणा ओळखू आल्यावर होतो. "आडवी," ते म्हणाले. "आरपार हुती." मग सूचना: सिमेंट नको, चुनाच हवा, आणि वीट भिजवल्याशिवाय बसवू देऊ नको.

संध्याकाळी कारागीर बादली घेऊन आमच्या दारातून वर आला. त्याने वीट हातात फिरवली, दोन्ही डोकी पाहिली आणि मला विचारलं, हिचं कुठलं टोक तुमच्याकडे होतं? मीही फिरवून पाहिली. दोन्ही टोकांना गिलाव्याचे सारखेच पांढरे डाग होते.

"बसवा कशीही," मी म्हटलं.

त्याने ती बादलीत सोडली. बराच वेळ तिच्यातून बुडबुडे येत राहिले.